ताट बाजूला ठेवून प्रार्थनेला उठावे का?

पत्र

सप्रेम सलाम. माझे वय 41. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ते अंथरुणाला खिळून आहेत. उजवी बाजू लुळी पडली आहे आणि वाचाही गेली आहे. त्यांचे सगळे मीच करते. यजमान साखर कारखान्यात पाळीने कामाला असतात. शिवाय नऊ वर्षांपासून मी मंडळीत संडे-स्कूलचा लहान मुलांचा वर्ग घेते.

जानेवारीत तीन दिवसांच्या उपवास-प्रार्थना शिबिराला गेले होते. शेवटच्या रात्री सगळे गात होते आणि मी भिंतीशी गुडघे टेकून होते. एकाएकी आजूबाजूचा आवाज लांब गेल्यासारखा झाला. मला कोणीतरी नावानिशी ओळखते आहे आणि माझी पूर्ण क्षमा झाली आहे, हे इतके लख्ख कळले की मी पहाटेपर्यंत रडत होते, पण ते रडणे दुःखाचे नव्हते. परत आल्यावर, जिच्याशी चार वर्षे अबोला होता त्या जाऊबाईंच्या दारात मी आपणहून गेले. पंधरा दिवस असे गेले आणि मग सारे ओसरले. आता गुडघ्यांवर बसले की झोप येते. उलट सासऱ्यांना भरवायला बसले की नेमकी तेव्हाच प्रार्थनेची ओढ लागते, ताट बाजूला ठेवून मी उठते, आणि परत आल्यावर त्यांच्यावर चिडते.

शिबिरातल्या बहिणी फोनवर सांगतात, "आत्म्याला विझवू नकोस, संसारात अडकलीस म्हणून असे झाले." त्यांच्या पथकाबरोबर महिन्यातले 15 दिवस गावोगाव प्रार्थनेसाठी फिरावे, असा त्यांचा आग्रह आहे. यजमान म्हणतात, तो भावनेचा भर होता. पाळकसाहेब म्हणतात, वार्षिक सभेत साक्ष द्या, म्हणजे हा अनुभव सर्वांपुढे सांगा. मी काय करू?

— एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर

प्रिय ताई, सलाम.

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा एकाच ओळीवर अडले: ताट बाजूला ठेवून मी उठते. तुम्ही ती ओळ जाता जाता लिहिली आहे आणि प्रश्न मात्र दुसरेच विचारले आहेत. त्यांची उत्तरे मी देईनच, पण माझ्या समजुतीप्रमाणे तुमच्या पत्राची गाठ त्या ताटापाशी आहे आणि ती तिथेच सुटेल.

आधी यजमानांच्या बोलण्याविषयी. त्या रात्री तुम्हाला जे आले ते खरे होते की भावनेचा भर, याचा निवाडा दुरून पत्र वाचून कोणी करू नये, मीही करणार नाही. मात्र तुम्हीच लिहिलेली एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवते. चार वर्षांचा अबोला मोडून तुम्ही जाऊबाईंच्या दारात गेलात. शिबिरातले गाणे, जागरण आणि उपवास यांनी डोळ्यांत पाणी येते, अंगावर काटा येतो, हे मीही पाहिले आहे. पण असा भर बहुधा परतीच्या एस.टी.त उतरतो, तो माणसाला रुसलेल्या जावेच्या उंबरठ्यापर्यंत चालवत नेत नाही. क्षमा मिळाल्याचे कळले आणि लगेच क्षमा मागावीशी वाटली, हा क्रम शुभवर्तमानाचाच आहे. झाड फळावरून ओळखावे असे प्रभूने सांगितले आहे, आणि त्या रात्रीचे एक फळ तर आज तुमच्याच गावात, दोन घरे सोडून असेल. म्हणून त्या रात्रीवर संशय घेत बसू नका. यजमानांशी वादही घालू नका. ते थकून कामावरून येतात आणि आपली बायको आपल्यापासून दूर जाते आहे की काय, ही भीती त्यांच्या शब्दांमागे असावी असे मला वाटते.

आता ताटाकडे येते. मी मिशनच्या रुग्णालयात परिचर्या शिकले आणि 36 वर्षे तेच काम केले, त्यामुळे हा भाग आधी परिचारिका म्हणून सांगते. अर्धांगवायू झालेल्या माणसाला भरवणे हे घाईचे काम नाही. गिळण्याच्या स्नायूंवर त्याचा पुरता ताबा राहिलेला नसतो आणि घास श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. त्यांना पाठीला उशा देऊन सरळ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, घास लहान आणि मऊ असावा, तो धडधाकट बाजूने, म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत डावीकडून द्यावा, आणि एक घास गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा देऊ नये. लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठून राहते आणि त्यांना ते कळतही नाही, म्हणून जेवण झाल्यावर तो गाल बोटाला ओले फडके गुंडाळून साफ करावा. जेवताना वारंवार ठसका लागत असेल किंवा जेवणानंतर आवाज घोगरा, ओलसर येत असेल, तर डॉक्टरांना अवश्य सांगा. म्हणजे अर्ध्या जेवणावरून तुम्ही उठता तेव्हा तोंडात घास असलेला, बोलता न येणारा एक माणूस एकटा राहतो. हे मी तुम्हाला टोचावे म्हणून लिहीत नाही. हीच चूक माझ्याही हातून झालेली आहे.

मी 22 वर्षांची होते. ईस्टरच्या सुट्टीत एका शिबिराला गेले होते आणि तिथे मलाही काही मिळाले. ते काय होते ते मी आजवर दोनच माणसांना सांगितले आहे, म्हणून इथेही सांगत नाही. परत आले ती थेट रात्रपाळीवर, बायकांच्या वॉर्डात. तिथे एक म्हातारी होती, पाठीला शय्याव्रण झालेली, रात्रभर हाका मारणारी. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री, दोनच्या सुमारास, मला प्रार्थनेची अनावर ओढ लागली. लिननच्या, म्हणजे चादरी-कपडे ठेवायच्या, खोलीत जाऊन मी दार लोटले आणि गुडघे टेकले. किती वेळ गेला ते समजले नाही. बाहेर आले तेव्हा वरिष्ठ सिस्टर त्या म्हातारीच्या खाटेपाशी उभ्या होत्या. चादर ओली झाली होती, खालच्या मॅकिन्टॉशवर, म्हणजे रबरी कापडावर, पाणी साठले होते आणि म्हातारी थंडीने कुडकुडत होती. सिस्टर मला एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी चादरीचे एक टोक माझ्या हातात दिले, एवढेच म्हणाल्या, "धर." आम्ही दोघींनी तिला कुशीवर वळवले, पाठ पुसली, पावडर लावली, कोरडी चादर सरकवली. तिचे सगळे वजन माझ्या दंडावर आले होते. त्या घटकेला मला उजेड दिसला नाही, ऊब जाणवली नाही. मनात फक्त लाज होती. तरीही आज मागे वळून पाहते तेव्हा शिबिरातली ती रात्र आणि ही रात्र मला वेगवेगळ्या काढता येत नाहीत. पहिलीत जो मला भेटला, त्याने दुसरीत मला त्या खाटेपाशी बोलावले होते आणि मी लिननच्या खोलीत त्याला शोधत बसले होते. हे उमजायला मात्र मला बरीच वर्षे लागली.

ऐन कामाच्या वेळी येणारी अशी ओढ पुष्कळांनी अनुभवली आहे आणि जाणत्यांनी तिची पारखही केली आहे. इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधल्या सरदार घराण्यातला लढवय्या. 1521 साली तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचे मन पालटले आणि पुढच्या वर्षी मनरेसा गावी, कार्दोनेर नदीच्या काठी बसलेला असताना, त्याला इतके ज्ञान एकदम मिळाले की सारे जग नवे दिसू लागले. त्यानंतर त्याने काय केले? 1524 साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तो बार्सिलोनात पोरासोरांमध्ये बसून लॅटिनचे व्याकरण घोकू लागला, कारण लोकांची सेवा करायची तर शिक्षण हवे होते. आणि तिथे अगदी तुमच्यासारखेच झाले. पाठांतराला बसले की मनात आध्यात्मिक गोडी दाटून यायची, नवे नवे अर्थ सुचायचे, पाठांतर राहून जायचे. काही दिवसांनी त्याच्या ध्यानात आले की प्रार्थनेला बसल्यावर किंवा मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळी ही गोडी अशी येत नाही, ती अभ्यासाच्याच वेळी येते. ही ओढ देवाकडची नाही, हे त्याने तेवढ्यावरून ताडले. गुरुजींना घेऊन तो सांता मारिया देल मार या चर्चमध्ये गेला, सगळे त्यांना सांगितले आणि वचन दिले की बार्सिलोनात जगण्यापुरती भाकरी आणि पाणी मिळते आहे तोवर, पुढची दोन वर्षे, तुमचा एकही पाठ चुकवणार नाही. ती ओढ पुढे थांबली.

तुमची ओढ वाईट आहे, असे मी म्हणत नाही. ती केव्हा येते एवढे पाहा. गुडघ्यांवर बसल्यावर झोप येते आणि घास भरवताना प्रार्थना आठवते, तर त्या आठवणीला हात जोडून सांगा की अर्ध्या तासाने ये. ती खरी असेल तर थांबेल. चौदाव्या शतकाच्या उंबरठ्यावर माइस्टर एकहार्ट या जर्मन धर्मगुरूने आपल्या तरुण संन्याशांना हेच शिकवले होते: प्रेषित पौलासारखे परमानंदात असाल आणि एखाद्या आजाऱ्याला थोडे सूप हवे आहे असे कळले, तर तो आनंद सोडून सूप नेऊन द्यावे, त्यात प्रेम अधिक आहे.

शिबिरातल्या बहिणी तुम्हाला थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातले वचन सांगतात. वचन खरे आहे आणि ते हलक्याने घेऊ नये. पण पवित्र शास्त्र उघडून तो पाचवा अध्याय जरा वरून वाचा. "आत्म्याला विझवू नका" हे एकोणिसावे वचन. त्याच्या पाचच वचने आधी, चौदाव्यात, अशक्तांना आधार द्या आणि सर्वांशी सहनशीलतेने वागा असे पौल सांगतो. त्याच्या आधीच्या अध्यायात, शांतपणे राहा आणि आपापल्या हातांनी काम करा असेही त्यानेच लिहिले आहे. आणि एकोणिसाव्यानंतर दोनच वचनांनी येते ते सर्व गोष्टींची पारख करण्याविषयी. एकाच पत्रात, एकाच श्वासात हे सगळे आले आहे. अशक्ताला आधार दिल्याने आत्मा विझतो, असे पौलाच्या स्वप्नातही आले नसेल. बहिणींना दोष देऊ नका, त्यांचे तुमच्यावर प्रेम आहे. पण वचनाचा एक तुकडा तोडून दुसऱ्याच्या संसारावर ठेवण्याची घाई आपल्या मंडळ्यांत फार होते, आणि त्याचे ओझे बहुधा घरातल्या बाईवरच येते.

पथकाबरोबर जाण्याविषयी. माझे उत्तर आत्ता तरी नाही असे आहे, पण ते प्रार्थना-पथके नकोत म्हणून नव्हे. आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांच्या आठवणीतले सर्वांत मोठे उज्जीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, केडगावला झाले, तुमच्या नगरजवळच्या नव्हे, दौंडजवळच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. 1905 च्या जानेवारीपासून रमाबाईंनी मुलींचे छोटे छोटे गट करून रोज प्रार्थना सुरू केली होती. जूनच्या अखेरीस, एका पहाटे, झोपायच्या दालनात एका मुलीला असा अनुभव आला की शेजारच्या मुलीला तिच्या अंगावर प्रत्यक्ष ज्वाळा दिसल्या. मिनी एब्रम्स या मिशनरी बाईंनी लिहून ठेवले आहे की ती दुसरी मुलगी धावत जाऊन बादलीभर पाणी घेऊन आली आणि ते ओतणार, तोच तिच्या लक्षात आले की ही आग जाळणारी नाही. मला त्या बादलीवाल्या मुलीचे फार अप्रूप वाटते. मैत्रिणीच्या अंगावर आग दिसली तेव्हा तिने स्तुती आरंभली नाही की गुडघे टेकले नाहीत, ती पाण्याकडे धावली. माझ्या लेखी तिचे धावणेही प्रार्थनाच होती.

त्यानंतर मुक्तीतल्या मुली गटागटाने, आळीपाळीने, आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या, हे खरे. पण आळीपाळीने हा शब्द विसरू नका. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि बायका तिथे राहत होत्या. स्वयंपाक, दळण, धुणे, विणकाम, छापखाना, आंधळ्या बायकांची शाळा, आजाऱ्यांची शुश्रूषा यांपैकी काहीही बंद पडून चालणार नव्हते. एक बाहेर गेली तर तिचे काम उचलणारी दुसरी घरात होती. तुमच्या घरी अशी दुसरी कोण आहे? तुम्ही महिन्यातले 15 दिवस निघालात तर तुमच्या सासऱ्यांना दर दोन तासांनी कुशीवर कोण वळवील? पथकातल्या बहिणींना हे विचारा. ज्यांना त्याचे उत्तर द्यावेसे वाटत नाही, त्यांनी तुम्हाला बोलावूही नये.

आणि रमाबाई स्वतः? 1905 ची आठवण काढणारे पुष्कळ आहेत, त्यानंतरच्या सतरा वर्षांविषयी फार कमी बोलले जाते. ती वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांच्याशी झगडण्यात घालवली. खेड्यातल्या साध्या बाईला वाचून समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र आणायचे, हा त्यांचा ध्यास होता. मुक्तीतल्याच बायका छपाईचे खिळे जुळवत, छपाई करत आणि रमाबाई मुद्रिते, म्हणजे छपाईआधीचे कच्चे कागद, तपासत. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये वारली, तरी ते काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या आणि ते शास्त्र पूर्ण छापून झाले 1924 मध्ये. मुद्रिते तपासणे किती किचकट काम आहे ते ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. काना, मात्रा, वेलांटी, पुन्हा काना. त्या पहाटेची आग कुठे गेली असे कोणी मला विचारले, तर मी ते पुस्तक दाखवीन.

आता तुम्हाला सर्वांत जास्त सलणारे, ते ओसरणे. पंधरा दिवसांनी आनंद आटला, आणि आपलेच काही चुकले असे तुम्हाला वाटते आहे. ताई, तुम्ही पहाटे किती वाजता उठता ते लिहिलेले नाही, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे करणाऱ्या बाईला सलग झोप मिळत नाही, हे मला सांगायला नको. गुडघ्यांवर झोप येते ती पापामुळे नव्हे, जागरणामुळे. एलीया संदेष्टा रतामवृक्षाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" असे म्हणाला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले, आणि मग होरेबच्या डोंगरापर्यंत चालवले. तिथे तो मंद, कोमल वाणीचा क्षण आला, ज्यावर आपण इतकी प्रवचने ऐकतो. पण त्या वाणीने काय सांगितले ते प्रवचनात क्वचितच येते. ती म्हणाली, परत जा. अमक्याला अभिषेक कर, तमक्याला अभिषेक कर. एलीया उतरला आणि त्याला अलीशा भेटला तो शेतात, बारा जोड्या बैलांची औते चाललेली असताना, बाराव्या जोडीमागे. दर्शनातून मिळालेला पत्ता हा असा असतो, मातीतला.

रूपांतराच्या डोंगरावरही हेच दिसते, जिथे तीन शिष्यांसमोर प्रभूचे रूप तेजस्वी झाले. त्यांतल्या पेत्राला तिथे मंडप घालावेसे वाटले, त्याची ती इच्छा मला खोटी वाटत नाही. तुम्हाला पथकात जावेसे वाटते तीही तशीच आहे. लूक लिहितो की दुसऱ्या दिवशी ते खाली उतरले, तर पायथ्याशी एक बाप आपल्या एकुलत्या एका मुलासाठी ओरडत होता, मुलगा तोंडाला फेस येऊन पडत होता आणि बाकीच्या शिष्यांना काहीच करता येत नव्हते. वर ज्याचे मुख सूर्यासारखे झाले होते तोच प्रभू खाली त्या मुलाजवळ उभा होता. ज्यांना तो हवा होता त्यांनी त्याच्यामागे खाली येण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

तेव्हा कोरडेपणाला शिक्षा समजू नका. कोलकात्याच्या मदर तेरेसांना 10 सप्टेंबर 1946 रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत गरिबांमध्ये जाण्याची हाक आली. पुढे काम सुरू झाले आणि तेव्हापासून कित्येक दशके त्यांच्या अंतरात अंधार होता, हे 2007 मध्ये त्यांची पत्रे प्रसिद्ध झाल्यावर जगाला कळले. एवढ्या वर्षांत त्यांनी रस्त्यावरच्या मरणोन्मुख माणसांची अंगे पुसणे थांबवले नाही. तुमचा कोरडेपणा इतका लांबेल असे मी म्हणत नाही. मात्र अशा दिवसांत मोठा निर्णय घेऊ नये, आधी उजेडात ठरवलेल्याला धरून राहावे, असा त्याच इग्नेशियसने घालून दिलेला नियम आहे आणि तो मला अनुभवाने पटलेला आहे. शिवाय झोप अगदीच उडाली असेल, जेवण जात नसेल, कारण नसताना रडू येत असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. त्यात विश्वासाची कमतरता नाही. लूक स्वतः वैद्य होता.

साक्ष आताच देऊ नका. रूपांतराच्या डोंगरावरून उतरताना प्रभूने त्या तीन शिष्यांना बजावले होते की जे पाहिले ते मी मेलेल्यातून उठेपर्यंत कोणाला सांगू नका. पौल तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलला गेला आणि ते करिंथकरांना लिहिले तेव्हा चौदा वर्षे लोटली होती. तेही त्याने आपले नाव न घेता, एक मनुष्य मला ठाऊक आहे असे म्हणून लिहिले, आणि लगेच पुढे आपल्या शरीरातल्या काट्याविषयी लिहिले. व्यासपीठावरून सांगितलेली गोष्ट दुसऱ्या खेपेला थोडी बदलते, तिसऱ्या खेपेला लोकांना जिथे आवडली तिथे वाढते, आणि मग मूळची कोणती होती ते आपल्यालाच आठवत नाही. पाळकसाहेबांना नम्रपणे सांगा की सभेत नको, पण तुम्ही आणि पाळकबाई घरी या, तुम्हा दोघांना सगळे सांगते. त्यांनी ऐकावे, तपासावे, तुमच्याबरोबर प्रार्थना करावी आणि जाताना सासऱ्यांना प्रभुभोजन द्यावे. दोन वर्षांत ते त्यांना किती वेळा मिळाले, हेही मला विचारावेसे वाटते.

संडे-स्कूल सोडू नका, पण एकटीने ओढू नका. तरुणसंघातल्या एखाद्या मुलीला सोबतीला घ्या, गोष्ट तुम्ही सांगा, हजेरी आणि चित्रे तिच्याकडे द्या. आणि जाऊबाईंना विचारा. आठवड्यातून दोन दुपारी त्यांनी तुमच्या घरी येऊन बसावे आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपावे. प्रार्थना नव्हे, झोप. चार वर्षांनी उघडलेले ते दार केवळ चहापाण्यासाठी उघडले असेल असे मला वाटत नाही. यजमानांची सकाळपाळी असेल तेव्हा संध्याकाळचे अंग पुसणे त्यांच्याकडे सोपवा. मुलाने बापाचे अंग पुसले तर दोघांचेही भले होते. आधी त्यांना अवघडल्यासारखे होईल. होऊ द्या.

राहिली तुमची प्रार्थनेची वेळ. भरवून झाल्यावर सासऱ्यांना लगेच आडवे करायचे नसते, निदान अर्धा तास सरळ बसवून ठेवायचे असते, नाहीतर अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाते. त्या अर्ध्या तासात तुम्हाला त्यांच्यापाशी बसावेच लागते. ताट धुवायला पळू नका. हात पुसा, खुर्ची त्यांच्या डाव्या बाजूला घ्या, त्यांचा डावा हात हातात घ्या आणि मोठ्याने एक स्तोत्र वाचा. एकशे एकविसावे घ्या, आठच वचनांचे आहे. प्रार्थना सुचली तर करा, नाही सुचली तर नुसत्या बसा. भरवताना जी ओढ तुम्हाला छळते, तिला आता यायला जागा आणि वेळ दोन्ही ठरवून दिली आहेत.

आणि एक करून पाहा. अर्धांगवायूने ज्यांची वाचा गेली आहे अशा पुष्कळ माणसांना बोलता येत नसले तरी लहानपणापासून पाठ असलेले गाणे गाता येते. गाण्याचा सूर मेंदूत वेगळ्या वाटेने जातो. वॉर्डात मी हे कितीदा पाहिले आहे, नाव न सांगता येणारा माणूस भजनाचे अख्खे कडवे म्हणतो. तुमचे सासरे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीते ऐकत आणि गात वाढले असतील. त्यांचे आवडते कोणते, ते यजमानांना विचारा. स्तोत्र संपले की ते गीत अगदी सावकाश, त्यांच्याकडे तोंड करून म्हणा. पहिल्या दिवशी काही होणार नाही, चौथ्या दिवशीही कदाचित नाही. महिनाभर म्हणत राहा, आणि त्यांचे ओठ हलले तर मला कळवा.